तीन पॉइंट एक

या लेखापुढे एकच प्रश्न आहे. नव्वदच्या दशकात, मस्कतच्या बाहेर, वाहतुकीसाठी अजून न उघडलेल्या एका रस्त्यावर, एका शुक्रवारी सकाळी एका गाडीची वेळ फळ्यावर चुकीची लिहिली गेली. ती चूक कोणाची होती?

प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर मी एकदा घाईने दिले, टंकलिखित करून वाटले, आणि त्या उत्तराने एका सरळ माणसाच्या नावाला डाग लागला. म्हणून या वेळी क्रमाने सांगतो. जे मी स्वतः पाहिले ते आणि जे नंतर कळले ते, दोन्ही वेगळे ठेवतो.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत शिकवत होतो आणि मस्कतच्या अल् खुवैर भागात राहत होतो. माझी जुनी गाडी दुरुस्तीसाठी गाला या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये जायची, आणि तिथला मुख्य मेकॅनिक रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा निघाला. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलेला, मग मुंबईत एका गॅरेजमध्ये, आणि तिथून ओमानला. माझ्या तोंडून मराठी ऐकताच त्याने बॉनेटखालून मान बाहेर काढली.

"मास्तर काय तुम्ही?"

"कशावरून ओळखलंत?"

"गाडीत खडू पडलाय. आणि क्लच असा वापरताव, जसा काय पोरग्याचा कान पिळताव."

त्या दिवसापासून मी 'मास्तर' झालो. हे संबोधन लक्षात ठेवावे, कारण पुढे ते काही काळ बंद झाले आणि त्यावरूनच मला काय बिघडले आहे ते कळले.

गॅरेजमध्ये काही ओमानी तरुण येत. सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्या आणत आणि त्यांच्या इंजिनांत काय बदल करावेत यावर तासन्‌तास बोलत. त्यांच्यातला एक, सीबचा राहणारा, मेकॅनिकचा विशेष लाडका होता. त्याची सहा सिलिंडरची जपानी गाडी मेकॅनिकने अक्षरशः स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधली होती. मेकॅनिक त्याला थट्टेने 'अर्बाब' म्हणे, म्हणजे मालक. तो मेकॅनिकला 'चाचा' म्हणे. दोघे हिंदी, अरबी आणि कोकणी यांच्या अशा मिश्रणात भांडत की ऐकणाऱ्याला करमणूक होई.

"चाचा, आज होणार ना? खलास?"

"इन्शाल्ला."

"तुझं इन्शाल्ला म्हणजे पुढचा गुरुवार."

"मंग तूच घे पाना हातात, अर्बाब. मी तुझ्या ऑफिसात बसतो, एसीत."

माबेला वस्तीच्या पलीकडे त्या काळी प्लॉट आखून झाले होते. रस्ता डांबरी झाला होता, पण घरे आली नव्हती. त्या सरळ रस्त्यावर हे लोक शुक्रवारी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर जमत आणि ऊन तापायच्या आत परत जात. थांबलेल्या गाडीने सुरुवात करायची आणि पाव मैलाचे सरळ अंतर कमीत कमी वेळात कापायचे: ड्रॅग रेसिंग म्हणतात ते एवढेच. परवानगी कुणाकडेच नव्हती. त्यात शहाणपणा नव्हता हेही नमूद करतो. आज कुणी विद्यार्थ्याने विचारले तर मी त्याला स्पष्ट नको म्हणेन. मेकॅनिकच्या आग्रहाने मी एकदा पाहायला गेलो आणि मग जातच राहिलो.

रस्त्याची एक बाजू वाळूने भरलेली असे. त्यामुळे दोन गाड्या शेजारी शेजारी धावू शकत नसत. एकेक गाडी धावायची, आणि कोण पुढे हे केवळ घड्याळावरून ठरायचे. पुढचे सगळे समजण्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन गाड्या सोबत धावल्या असत्या, तर जे झाले ते झालेच नसते. शंभर डोळ्यांनी कोण जिंकले ते पाहिले असते.

घड्याळ मेकॅनिककडे होते. तो शेवटच्या टोकाला उभा राही. सुरुवातीच्या टोकाला कुणीतरी हॉर्न वाजवी, तो ऐकून मेकॅनिक घड्याळ सुरू करी आणि गाडी समोरून गेली की बंद करी. पहिल्याच दिवशी माझ्यातला शिक्षक जागा झाला. चारशे मीटर अंतर कापायला आवाजाला एका सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे घड्याळ तेवढ्या उशिराने सुरू होत होते आणि प्रत्येक गाडी होती त्याहून जलद ठरत होती. मी वाळूत काठीने गणित करून दाखवले. सगळे वाकून पाहत होते. त्या दिवसापासून हॉर्न बंद झाला आणि सुरुवातीला एक जण डोक्याला गुंडाळलेला मुसर सोडून हातात उंच धरू लागला. कापड खाली आले की घड्याळ सुरू. पुढच्या शुक्रवारी मी शाळेतली तीस मीटरची मोजपट्टी नेली, तेरा वेळा ती अंथरली, वर बारा मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाची रेघ मारली. दशांशाचे एकच स्थळ नोंदवा, हेही सांगितले. हाताने दाबलेल्या घड्याळाला दुसऱ्या स्थळाचा अधिकार नसतो.

माझा शब्द मानला जाऊ लागला. ओमानी मंडळी मला 'उस्ताद' म्हणू लागली. खरे सांगायचे तर मला ते आवडले. ज्या माणसाचे दोन निर्णय बरोबर ठरतात, तो तिसरा निर्णय तपासून पाहत नाही. माझा तिसरा निर्णय पुढीलप्रमाणे होता.

तोपर्यंत वेळ तोंडी सांगितली जाई. गाडी रेघ ओलांडून पुढे जाई, वळून सावकाश मेकॅनिकपाशी येई, तो खिडकीत वाकून आकडा सांगे, आणि चालक तो आकडा सुरुवातीच्या टोकाला नेऊन फळ्यावर लिहायला सांगे. सगळ्या गाड्या दहा आणि वीस सेकंदांच्या मध्येच येत असल्याने वरचे दहा कुणी म्हणत नसे. तेरा पूर्णांक चार दशांश असेल तर 'तीन पॉइंट चार'. एका शुक्रवारी एका चालकाने वाटेत आपला आकडा कमी केला असा दुसऱ्याने आरोप केला. बराच आरडाओरडा झाला. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी वर्गात बोलावे तसे बोललो. "तोंडी सांगायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीची चौघडी घालायची. चालकाने ती उघडायची नाही, थेट फळा लिहिणाऱ्याच्या हातात द्यायची."

फळा लिहिणारा ओमानी माणूस तिथल्या एका मंत्रालयात कारकून होता, अक्षर मोत्यासारखे. त्याने मान डोलावली. मेकॅनिक मात्र म्हणाला, "मास्तर, तोंड दिलंय त्ये कशाला मंग?"

"तोंड बदलतं. कागद बदलत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी पुढेही अनेक वर्षे वर्गात वापरले. आता वापरत नाही.

ज्या शुक्रवारी चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली त्याच्या आधी दोन आठवडे सीबच्या त्या तरुणाने आपल्या गाडीचे गिअरबॉक्सचे काम गालामधल्याच दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतले होते. मेकॅनिकला ते लागले होते. सकाळी रस्त्यावर भेट झाली तेव्हा त्याने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय अर्बाब, दुसऱ्याच्या हातचं जेवलास? आता अजीर्ण झालं तर माझ्या दारात येव नको." सगळे हसले. तो तरुणही हसला, पण थोडे कमी.

मेकॅनिक घड्याळ, चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. पहिली गाडी धावली, परत आली, चिठ्ठी आली. कारकुनाने ती उघडली आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आणली.

"उस्ताद, हा मासा काय आहे?"

चिठ्ठीवर ४.२ लिहिले होते. मराठी चार हा खरोखरच शेपटी वर करून उभ्या राहिलेल्या माशासारखा दिसतो. मला तोवर कधी जाणवले नव्हते. मेकॅनिकने मराठी आकडे काढले होते. घड्याळावरचे इंग्रजी आकडे त्याचे डोळे वाचत. पण हात मात्र चौथीच्या पाटीवर जे शिकला होता तेच लिहीत होता. मी सांगितले, "हा चार." कारकुनाने फळ्यावर अरबी चार आणि दोन काढले. मराठी दोन त्याने न विचारता बरोबर वाचला होता, कारण अरबी दोन त्याच्या जवळचा आहे, तीनचेही तसेच. मी समाधानाने मान हलवली. शंका आली, शंका विचारली गेली, शंका फिटली: माझ्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

मग ऊन वाढले. माझ्या गाडीत सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी गाडीच्या सावलीत बसून त्या तपासू लागलो. फळ्यापासून चाळीस पावलांवर असेन. एक गाडी तीन पॉइंट चारने धावली आणि सगळ्यांत पुढे गेली, ते आरोळ्यांवरून कळले. सीबच्या तरुणाची गाडी सगळ्यांत शेवटी होती. ती धावताना मी मान वर करून पाहिली. सुंदर धावली. मला वाटले, हा जिंकला. मग मी पुन्हा उत्तरपत्रिकेत डोके घातले.

थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकून पुन्हा वर पाहिले. फळ्यावर तीन पॉइंट नऊ होते. तो तरुण चिठ्ठी हातात धरून फळ्यासमोर उभा होता. आधीचे नंतर कळले: नियमाप्रमाणे त्याने ती वाटेत उघडली नव्हती, मुठीत धरून आणली होती आणि कारकुनाच्या हातात दिली होती. कारकुनाने वाचून दाखवले होते, "थलाथा, तिसा." तीन, नऊ. तरुणाने चिठ्ठी ओढून घेतली होती, स्वतः पाहिली होती. तिसा. कुणीतरी म्हणाले, "बघ, तुझ्या चाचाने अजीर्ण लिहून पाठवलं." या वेळी तो हसला नाही. चिठ्ठी खिशात घातली, गाडीत बसला आणि निघून गेला.

मेकॅनिक एका पिकअपमध्ये बसून परत आला, तेव्हा गर्दी पांगत होती. त्याने फळा पाहिला. अरबी तो चांगले बोले, पण त्याला ते वाचता येत नसे. म्हणून त्याने विचारले, शेवटचा आकडा किती? कारकुनाने सांगितले.

"कोण बोलला नऊ? मी एक लिवला. तीन पॉइंट एक!"

"मी माझ्या डोळ्यांनी नऊ पाहिला," कारकून म्हणाला.

"मंग चिठ्ठी दाखव."

चिठ्ठी नव्हती. घड्याळ त्याने पुन्हा शून्यावर आणले होते. स्वतःपाशी प्रत ठेवायची असे मी सांगितले नव्हते. मेकॅनिक माझ्याकडे वळला. "मास्तर, मी माझ्या हातानं एक लिवलाय."

मी म्हणालो, "उन्हात होतं असं. पुढच्या वेळेपासून प्रत ठेवू या."

 त्याने घड्याळ कारकुनाच्या हातात दिले. पुढच्या शुक्रवारपासून तो आला नाही. सीबचा तरुणही आला नाही. तो मेकॅनिकच्या गॅरेजची पायरी पुन्हा चढला नाही, आणि मेकॅनिकने त्याचे नाव पुन्हा काढले नाही. काही महिन्यांनी त्या रस्त्यावर वस्ती आली आणि शर्यतीही थांबल्या.

सात-आठ वर्षे गेली. रीतसर ट्रॅक झाला, दिव्यांच्या झाडासारखे सिग्नल आले, वेळ यंत्र मोजू लागले. तिथल्या हौशी मंडळींना वाटले की आधीच्या दिवसांच्या गोष्टी कुणीतरी लिहून ठेवाव्यात. एका खोलीच्या भिंतीवर जुने फोटो आणि सोबत मजकूर लावायचा होता. त्यांना उस्ताद आठवला. मी आनंदाने होकार दिला. मी वही केली, समास आखला, आठवणी क्रमवार लिहिल्या, कारकुनाला भेटलो, आणखी तिघांना भेटलो. सीबच्या त्या माणसाने निरोप पाठवला की त्याला काही सांगायचे नाही. मेकॅनिकला मी विचारलेच नाही. त्याचे म्हणणे मला ठाऊक आहे असे मी गृहीत धरले.

इंग्रजीत मजकूर तयार झाला. त्यात एक वाक्य असे होते: त्या काळच्या नोंदींत वेळ नोंदवणाऱ्याच्या हातून मानवी चुका होत, आणि एकदा अशा चुकीमुळे मोठा वाद झाला. मला हे वाक्य सौम्य वाटले होते. कुणाचे नाव घेतले नव्हते. मजकुराच्या पन्नासेक प्रती काढून जुन्या मंडळींत वाटल्या. भिंतीवर लावण्याआधी दुरुस्त्या सुचवाव्यात एवढाच हेतू.

त्यानंतर काही दिवसांनी मी गाडी घेऊन गालाला गेलो.

"या सर," मेकॅनिक म्हणाला.

मी थबकलो. त्याने गाडी पाहिली, फॅनबेल्ट बदलला, हात पुसले. "झालं सर. अजून काय आवाज येतो काय सर?" प्रत्येक वाक्यात सर. मी विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "कुठं काय सर." निघताना गॅरेजच्या हिशेबनीस मल्याळी गृहस्थाने मला दाराशी गाठून हळूच सांगितले की कुणीतरी माझा मजकूर आणला होता आणि मेकॅनिकने तो त्याच्याकडून वाचून घेतला होता. दोनदा. त्या वाक्याशी दोन्ही वेळा थांबवले होते. आणि दोन महिन्यांनी तो कायमचा गावी परतणार होता.

इंग्रजी वाक्यातही 'हँड' होताच; तो 'हातून' मला त्या रात्री टोचत राहिला. ज्याचे सगळे आयुष्य हातावर चालले, ज्याच्या हाताच्या अंदाजाने बोल्ट किती आवळायचा ते ठरत होते, त्याच्याबद्दल मी 'हातून चूक' असे लिहिले होते. आणि त्याचा हात मी त्या दिवशी पाहिलाही नव्हता.

मी सीबला गेलो. निरोप न पाठवता, सकाळी, तो घरी असेल अशा वेळी. आता तो चाळिशीकडे झुकला होता. त्याने मला मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, बसवले, कहवा दिला, खजूर पुढे केले. मी म्हणालो, गाडीचा फोटो हवा आहे. ते अर्धे खरे होते. गाडी त्याने विकली नव्हती. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती, आणि आठवड्यातून एकदा तो ती सुरू करी.

फोटो झाल्यावर तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही लिहिलंय की चूक झाली. चूक नव्हती. त्याने मुद्दाम लिहिलं."

"तुम्ही त्यांना विचारलं होतंत?"

"विचारायचं काय? लिहिलेलं होतं." त्याने गाडीचे दार उघडले, मुल्किया काढली; गाडीच्या नोंदणीचे ते कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात होते. कार्ड दरवर्षी नवे येई. त्याच्या मागे चौघडी घातलेली चिठ्ठी मात्र तीच होती. दरवर्षी तो ती नव्या कार्डामागे सरकवत आला होता. "वाचा," तो म्हणाला.

मी चिठ्ठी उघडली. पेन्सिल फिकट झाली होती, पण आकडा स्वच्छ होता. ३.१.

तीन पॉइंट एक. मी ते एका क्षणात वाचले, कारण मी पहिलीत त्याच आकड्यांवर पेन्सिल गिरवली होती. आणि त्याच क्षणी, आयुष्यात प्रथमच, मी तो एक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. वर गोल गाठ, उजवीकडून खाली उतरणारी शेपटी. अरबी लिपीतला नऊ असाच काढतात. कारकून माशापाशी अडला होता, कारण मासा त्याला अनोळखी होता. इथे तो अडला नाही, कारण इथे त्याला ओळखीचे काहीतरी दिसले. जे ठाऊक नाही ते माणूस विचारतो. जे ठाऊक आहे असे वाटते, ते तो विचारत नाही. वर्गात उभे राहून चाळीस मुलांना हे सांगणे सोपे असते.

मी म्हणालो, "हा आमच्याकडचा एक आहे. वाहिद."

त्याने चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली. "तुम्ही त्याच्या मुलखातले आहात, उस्ताद. तुम्ही हेच म्हणणार."

आक्षेप योग्य होता. माझा शब्द हा पुरावा नव्हता. मी इकडेतिकडे पाहिले आणि मग विचारले, "या इंजिनाला चाचांनंतर कुणी हात लावला?"

"गिअरबॉक्सला लावला. इंजिनाला कुणी नाही."

"बॉनेट उघडता?"

त्याने उघडले. प्लगच्या वायरी काढल्या तर पुन्हा त्याच जागी बसाव्यात म्हणून मेकॅनिक लोक सिलिंडरला क्रमांक घालतात. इंजिनाच्या झाकणावर, प्रत्येक प्लगपाशी, पांढऱ्या रंगाने बारीक आकडे काढले होते: १ २ ३ ४ ५ ६. तीच वळणे, तोच हात.

"सिलिंडर किती?" मी विचारले.

"सहा."

"मग पहिल्या सिलिंडरवर काय लिहिलंय?"

तो वाकला. चिठ्ठी त्या आकड्याशेजारी धरली. चिठ्ठीवरचा आणि इंजिनावरचा आकडा एकच होता. सहा सिलिंडरच्या इंजिनात नववा सिलिंडर नसतो. तो तसाच वाकून राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी हे दर आठवड्याला पाहत होतो."

त्याच आठवड्यात तो गालाला आला. मी तिथे होतो. मेकॅनिक एका जीपखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते.

"चाचा."

 खालून आवाज आला, "गाडी आणलीस की नुस्तं तोंड?"

"गाडी आणलीय."

मेकॅनिक बाहेर आला. चिठ्ठी पाहिली, बॉनेट पाहिले, आमचे म्हणणे ऐकून घेतले. मला वाटले तो हसेल किंवा रागावेल. तो म्हणाला, "म्हंजे माझ्या एकाला तू नऊ बोललास. मंग तुझी गाडी पहिल्यापास्नं नऊ नंबरच्या सिलिंडरवर चालली होती, अर्बाब. तरीच पेट्रोल खायाची." दोघे हसले. मग मेकॅनिक हसायचा थांबला. "चुकीचं मला काय नाय वाटत रे. तिथंच यायचं होतंस, माझ्यापाशी. मी रेघेवर उभा होतो. चारशे मीटर. तू इचारायला आला नायस."

 सीबचा माणूस म्हणाला, "लाज वाटली आधी. नंतर राग सोपा वाटला."

मेकॅनिकने इंजिन सुरू करायला सांगितले, कान लावला आणि म्हणाला, "टॅपेट वाजताहेत." त्याने ते दुपारपर्यंत नीट करून दिले.

मी भिंतीचा मजकूर बदलण्याची विनंती केली. मंडळी म्हणाली, जो त्या दिवशी जिंकला म्हणून सगळे मानतात तो मधल्या काळात वारला आहे, त्याच्या घरच्यांनी त्याचा फोटो दिला आहे. निकाल बदलू नये. सीबचा माणूसही म्हणाला, "त्याचं नाव राहू द्या. मला माझा आकडा मिळाला." त्यामुळे भिंतीवर निकाल तसाच राहिला आणि माझे ते वाक्य तेवढे काढले गेले. त्याच्या जागी काही आले नाही. पण ज्या पन्नासेक प्रती आधीच लोकांच्या हाती गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. नंतरही ट्रॅकवर कुणी नवा मुलगा ती गोष्ट सांगताना मी ऐकली: एक हिंदुस्थानी मेकॅनिक होता, त्याने रागाने चुकीची वेळ लिहिली. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. पण मी जिथे नसेन तिथे कोण करणार?

मेकॅनिक गावी जाण्याआधी मी त्याला भेटायला गेलो. हत्यारांची पेटी त्याने आपल्या जागी येणाऱ्याला देऊन टाकली होती आणि रिकाम्या टेबलाशी तो चहा घेत बसला होता. मी सांगितले की चूक माझी होती. वाक्य काढले आहे, आणि खरे काय ते मी मराठीत सविस्तर लिहीन.

"लिवा," तो म्हणाला. मग कप खाली ठेवला. "मास्तर, एक इचारू? अर्बाबाला मराठी येत नाय. कारकुनाला येत नाय. मला अरबी वाचता येत नाय. त्या रस्त्यावर हे आकडे वाचणारा एकच माणूस होता. तुम्ही का नाय बघितलीत चिठ्ठी?"

"पेपर तपासत होतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, जणू हे कारण त्याला पुरेसे होते. मला ते पुरेसे नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: चूक हाताची नव्हती. मेकॅनिकने बरोबर मोजले, बरोबर लिहिले. कारकुनाने त्याला जे दिसले ते प्रामाणिकपणे वाचले. चालकाने नियम पाळला. बोलण्याची वाट बंद करणारा नियम मी केला, आणि ज्याला तो कागद वाचता येत होता त्याने, म्हणजे मी, तो त्या दिवशी पाहिला नाही. पुढे लिहितानाही मागितला नाही.

हे उत्तरही माझेच आहे, आणि माझे आधीचे उत्तर चुकले होते. म्हणून वाचकांना विनंती आहे की माझ्यावर विसंबू नये. पेन्सिलीने, घाईघाईत, मराठीत ३.१ लिहा. ज्याला केवळ अरबी आकडे येतात अशा कुणाला तो कागद दाखवा, काही न सुचवता विचारा, आणि तो काय वाचतो ते स्वतः ऐका. त्या दिवसांच्या चिठ्ठ्या, वह्या किंवा फळ्याचे फोटो कुणापाशी असतील, तर त्यांनी तेही पडताळून पाहावेत, आणि माझे म्हणणे चुकत असेल तर तसे लिहावे.